लहान विमानातली इंधनगळती आणि कडक झालेले होज

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले कार्बुरेटरच्या लायकमिंग इंजिनाचे सेसना १७२ विमान पावसाळाभर गोव्यात झाकून उभे होते. ऑक्टोबरात आवरण काढले तेव्हा उजव्या पंखाच्या मुळाशी निळसर डाग दिसला, नाकाखाली जमिनीवर अधूनमधून एखादा थेंब सापडू लागला, बंद केबिनचे दार उघडताच पेट्रोलचा वास येतो आणि इंजिनाजवळचे होज, म्हणजे इंधनाच्या लवचिक नळ्या, हाताला कडक लागतात. यांतले काय चालवून घेता येईल आणि कशाला उड्डाणाआधीच हात घालावा, हे आपल्याला हवे आहे.

गळती किती होते यापेक्षा ती कुठे होते आणि गळलेले इंधन कुठे जाऊन साचू शकते, हे मी आधी पाहतो. पंखाच्या खालच्या पत्र्यावर, उघड्या हवेत, चवलीएवढा डाग पडत असेल तर ते इंधन वाऱ्यावर उडून जाते. त्याच्या दहाव्या हिश्शाइतके इंधन केबिनच्या छताच्या अस्तरामागे, इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या पाठीमागे किंवा काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत झिरपत असेल, तर तिथे स्विच, रिले, वायरिंग आणि तापलेला एक्झॉस्ट आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती फरशीखाली आणि हँगरच्या खाचखळग्यांत बसून राहते. म्हणूनच आपण लिहिलेल्या चार लक्षणांत मला सर्वांत गंभीर वाटतो तो केबिनमधला वास. त्याचा उगम सापडून दुरुस्त होईपर्यंत विमान उडवू नये, इतकेच नव्हे तर मास्टर स्विचही लावू नये. दोन्ही दारे उघडी ठेवावीत, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, विमान शक्यतो हँगरबाहेर काढून अर्थिंग करावे, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि तपासणीला ठिणगी न पाडणारा सुरक्षित टॉर्च वापरावा. टाकी उपसायची वेळ आली तर प्लॅस्टिकची बादली कधीही वापरू नका. धातूचे भांडे घ्या आणि ते विमानाला तारेने जोडून ठेवा, कारण वाहत्या पेट्रोलात तयार होणाऱ्या स्थिर विजेला निचऱ्याची वाट लागते.

एव्हीगॅस १००एलएल या विमानाच्या पेट्रोलात निळा रंग मुद्दाम घातलेला असतो. पेट्रोल उडून जाते आणि रंग मागे राहतो, त्यामुळे डाग हा गळतीचा इतिहास असतो, ताजी स्थिती नव्हे. पुसून न काढलेल्या डागावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. शिवाय डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असेही नाही. आपल्याकडच्या कौलारू घरात पाणी टपकते पलंगावर आणि फुटलेले कौल निघते दोन वाशे वर, तसेच इथे घडते. इंधन स्पारच्या (पंखाच्या लांब तुळईच्या) कडेने, रिबच्या (आडव्या फासळीच्या) भोकातून, वायरींच्या जुडग्यावरून वाहत येते आणि सर्वांत सखल जागी बाहेर पडते. म्हणून आधी सगळा भाग स्वच्छ धुवून कोरडा करावा, संशयित जागेवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा आणि तासाभराने आरसा घेऊन पाहावे. पावडरमध्ये ओली रेघ जिथून सुरू होते, ती जागा शोधायची. ती जिथे संपते ती नव्हे.

पंखातील टाक्यांच्या गळतीचे मोजमाप करण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. जागा पुसून कोरडी केल्यावर ३० मिनिटांत ओल किती पसरली ते मोजतात. पाऊण इंच व्यासापर्यंतचा डाग सर्वांत सौम्य प्रकारात मोडतो, त्यापुढे दीड इंचापर्यंत साधी झिरप, दीड ते चार इंच म्हणजे मोठी झिरप, आणि त्याहून पुढे वाहती गळती. यातील सौम्य प्रकार निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर नोंद करून आणि नजरेखाली ठेवून चालवता येतात. ही सवलत उघड्या पृष्ठभागापुरतीच आहे. बंदिस्त जागेतली कोणतीही गळती, मग ती पाऊण इंचाच्या आतली का असेना, उड्डाणाआधी काढलीच पाहिजे.

आपल्या विमानात पंखाच्या मुळाशी डाग आहे आणि केबिनमध्ये वासही आहे. ही दोन लक्षणे एकत्र आली की पहिला संशय मी इंधनाची पातळी दाखवणाऱ्या सेंडरच्या गॅस्केटवर घेतो आणि दुसरा टाकीच्या तोंडापासून दाराच्या खांबातील नळीपर्यंत जाणाऱ्या आखूड रबरी होजवर. सेंडर टाकीच्या आतल्या बाजूला, म्हणजे केबिनकडे तोंड करून, स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याचे गॅस्केट सुकून आकसले की पेट्रोल स्क्रूंच्या भोकांतून बाहेर येते आणि छताच्या अस्तरामागे उतरते. या दोघांतला फरक ओळखायला पाना लागत नाही. टाकी भरलेली असताना वास येतो आणि निम्म्यावर आल्यावर थांबतो, असे होत असेल तर गळती वरच्या पातळीवर आहे, म्हणजे सेंडरकडे बोट जाते. टाकी जवळजवळ रिकामी असतानाही ओल राहत असेल तर तळाच्या तोंडाकडचा होज किंवा त्याचा क्लॅम्प पाहावा. प्रत्येक वेळी टाकीत किती इंधन होते आणि डाग केवढा होता, हे आठवडाभर लिहून ठेवले तर अभियंत्याचा निम्मा दिवस वाचतो. अस्तर आणि पंखमुळाची पट्टी उघडल्यावर सेंडरचे स्क्रू नुसते आवळून समाधान मानू नये. सुकलेले गॅस्केट दाबले की चार दिवस बंद राहते आणि पुन्हा गळते. गॅस्केट नवे घालावे आणि स्क्रूंचे सीलही बदलावे.

वास पॅनेलच्या बाजूने येत असेल तर प्रायमरकडे, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात इंधन ढकलणाऱ्या हातपंपाकडे, पाहावे. हाताने ओढायच्या प्रायमरच्या दांड्यावरच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) झिजल्या की इंधन थेट पॅनेलमागे झिरपते. कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणाऱ्या फ्युएल सिलेक्टरच्या दांड्याचे सीलही फरशीखाली असेच गळते आणि फरशीचे झाकण काढेपर्यंत दिसत नाही. ही दोन्ही ठिकाणे पायलटच्या गुडघ्यांजवळ आहेत, म्हणून ती वगळू नयेत.

आता जी गळती नसतेच, तिच्याविषयी. दुपारच्या उन्हात १०० लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापले तर ते साधारण एक लिटरने फुगते. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात ठेवली की हे जादा इंधन व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवानळीतून, खाली येणारच. तसेच विमान थोडे कलते उभे असेल आणि सिलेक्टर ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्या उघड्या, राहिला असेल तर वरच्या बाजूच्या टाकीतले इंधन खालच्या टाकीत उतरते आणि तिच्या व्हेंटमधून टपकते. सिलेक्टर ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’वर ठेवून विमान उभे केले की हे थांबते, आणि सेसनाच्या मॅन्युअलमध्येही तसेच सांगितले आहे. व्हेंटमधल्या थेंबांसाठी टाकी उघडायला लावणारे मालक मी पाहिले आहेत. आधी सिलेक्टर आणि जमिनीचा उतार पाहावा.

टाकीच्या झाकणाचे सील मात्र खरोखर तपासावे लागते, आणि गोव्यात तर दुप्पट काळजीने. उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून पेट्रोल वर ओढले जाते आणि झाकणामागे निळी रेघ उमटते. ज्या फटीतून उडताना पेट्रोल बाहेर जाते, त्याच फटीतून जून ते सप्टेंबर पाणी आत येते. आपल्या विमानाच्या प्रत्येक ड्रेनमधून, म्हणजे तळाच्या निचऱ्याच्या झडपेतून, नमुना घेऊन तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर झाकणाचा ओ-रिंग बदलल्याशिवाय ते विमान पावसात ठेवू नये. संपूर्ण नमुनाच रंगहीन दिसला तर हातात पेट्रोल नसून नुसते पाणी असू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

नाकाखालच्या थेंबासाठी रात्री विमानाखाली पांढरा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर नाकाच्या चाकाची जागा पेन्सिलीने आखून ठेवावी. एक रात्र सिलेक्टर ‘ऑफ’ आणि एक रात्र चालू ठेवून डागांची तुलना केली की गळती सिलेक्टरच्या पुढे आहे की मागे, हे कळते. आपल्या विमानात इंधन गुरुत्वाने उतरते, इंजिनावर चालणारा पंप नाही, त्यामुळे तपास सोपा आहे. पायपरसारख्या खालच्या पंखाच्या विमानात पंपाच्या पडद्याची आणि त्याच्या निचऱ्याच्या भोकाची तपासणी यात वाढते. आपल्याकडे पहिला संशय स्ट्रेनरच्या, म्हणजे इंधन गाळणाऱ्या वाडग्याच्या, ड्रेनवर घ्यावा. या ड्रेनचा खटका ओढून सोडल्यावर आतली स्प्रिंग झडप पूर्ण बसवते, पण पावसाळ्यात तार गंजून जड झाली असेल तर ती केसभर उघडी राहते. अनेकदा दोष याहूनही छोटा असतो. झडप काढून तिचा ओ-रिंग नखावर ताणून भिंगाखाली पाहा: कडेला अगदी बारीक, चंद्रकोरीसारखा कापा दिसतो आणि त्याच जागी बैठकीवर वाळूचा किंवा गंजाचा एखादा कण चिकटलेला असतो. तो कण काढल्याशिवाय नवा ओ-रिंग घातला तर तोही लवकरच कापला जातो. स्ट्रेनरचा वाडगा उघडलाच आहे तर जाळी धुवावी आणि वाडग्याचे गॅस्केट बदलावे.

कार्बुरेटरखालच्या एअरबॉक्समधून (हवा आत घेणाऱ्या पेटीतून) थेंब येत असतील तर कार्बुरेटरमधली इंधनपातळी राखणारी फ्लोटची सुई कचऱ्यामुळे नीट बसत नसेल, किंवा इंजिन सुरू करताना थ्रॉटल अनेकदा दाबून इंधन खाली साचवले गेले असेल. दुसरे कारण सवयीचे आहे, पण सुरू करताना आग लागण्याचे तेच कारण ठरू शकते.

फिटिंगांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. गळणारा नट दिसला की तो आवळायचा, ही सवय विमानाला घातक आहे. विमानातील फ्लेअर, म्हणजे नळीचे फाकवलेले तोंड, ३७ अंशांचे असते, मोटारीतले ४५ अंशांचे. ही दोन्ही एकमेकांत बसवू नयेत. ॲल्युमिनिअमचे फ्लेअर जादा आवळले की कडेशी पातळ होते, मग चिरते, आणि चिरलेले फ्लेअर इंजिनाच्या कंपनात नटासकट सुटू शकते. ३/८ इंची ॲल्युमिनिअम नळीसाठी सर्वसाधारण तक्त्यात ७५ ते १२५ इंच-पाउंड टॉर्क दिलेला आहे. आपल्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. एवढ्या टॉर्कवरही गळत असेल तर नट सोडून फ्लेअर पाहावे. फ्लेअरच्या आट्यांवर कोणताही लेप किंवा टेप लावू नये, कारण तिथे सील आट्यांवर होत नाही, फ्लेअरच्या बैठकीवर होते. निमुळत्या पाइप-आट्यांना मान्य केलेला लेप चालतो, पण पहिला आटा मोकळा ठेवून. नळ जोडताना वापरतात ती पांढरी टेप इंधनाच्या मार्गात कुठेही नको. तिचा एक तुकडा सुटला तर तो कार्बुरेटरच्या जेटपाशी जाऊन बसतो.

आता होज. आपण लिहिता की ते अजून गळत नाहीत, फक्त कडक झाले आहेत. माझे स्पष्ट मत आहे की कडक झालेला होज हा संपलेला होज आहे. त्याने गळून तसे सिद्ध करण्याची वाट पाहू नये. रबर नुसते बाहेरून थकत नाही, आतूनही थकते. इंजिन बंद केल्यावर काउलिंगमधून वारा फिरणे थांबते आणि पुढची वीस-तीस मिनिटे आतले तापमान उलट चढते. ही उष्णता दर उड्डाणानंतर होजला भाजते. पेट्रोल रबरातील मऊपणा देणारे घटक हळूहळू विरघळवून घेते, पण होज भरलेला असेपर्यंत पेट्रोलच त्याला ओला आणि फुगलेला ठेवते. विमान महिनोन्महिने उभे राहिले आणि होज सुकला की तो आकसतो आणि आतल्या थराला भेगा पडतात. त्यामुळे तीन महिने उभे राहिलेले विमान रोज उडणाऱ्या विमानापेक्षा या बाबतीत वाईट स्थितीत असते, आणि आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येक खासगी विमान पावसाळ्यात उभेच असते. त्यात खारे वारे. पोलादी तारांच्या विणीचा जुना होज असेल तर फिटिंगलगत तारा गंजून फुगतात, आणि ती जागा बोटांना बारीक उंचवट्यासारखी लागते.

असा होज तपासताना त्याला वाकवून पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे एका वळणात बसलेला होज त्या वळणात कदाचित गळणार नाही, पण सरळ केला की आतून तडकतो. कार्बुरेटर काढायला म्हणून होज बाजूला वळवला आणि दुसऱ्या दिवशी गळती सुरू झाली, असे हँगरमध्ये वारंवार घडते, आणि दोष मात्र कार्बुरेटर जोडणाऱ्यावर येतो. काढलेला होज टेबलावर ठेवला आणि तो इंजिनावरच्याच आकारात ताठ पडून राहिला, तर तो परत बसवायचा नाही. खात्रीसाठी तो उभा चिरून पाहावा. बाहेरची वीण नव्यासारखी असते आणि आतला काळा थर नखाने खरडला की खवल्यांनी निघतो. हे खवले स्ट्रेनरच्या पुढच्या होजमधून सुटले तर त्यांना अडवायला वाटेत फक्त कार्बुरेटरची बारीक जाळी उरते. टेफ्लॉनच्या होजला असे वृद्धत्व येत नाही, पण तोही आपले वळण कायमचे धरतो. त्याला सरळ करायला गेले की तो मोडतो, म्हणून काढताना त्याचा आकार तारेने बांधून ठेवावा.

होजवर धातूची किंवा छापलेली खूण असते. रबर कधी तयार झाले ते तिमाही आणि वर्षाच्या रूपात छापलेले असते, आणि जोडणी व दाबचाचणीची तारीख पट्टीवर असते. सेसनाच्या या वर्गातील विमानांसाठी इंजिन विभागातले रबरी होज ५ वर्षांनी किंवा इंजिन ओव्हरहॉलला, जे आधी येईल तेव्हा, बदलायचे असतात. पट्टीच नसेल किंवा वाचता येत नसेल, तर मी तो होज मुदत संपलेला मानतो. पंखमुळातील आखूड होज कोणाच्या यादीत नसतात आणि विमानाच्या वयाचेच निघतात. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

नवे होज घेताना पैशाचा विचार शेवटी करावा. बाजारातला मोटारीचा होज दिसायला तसाच असतो, पण त्यामागे कागद नसतो. मान्यतेचे प्रमाणपत्र असलेला भागच घ्यावा आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या, पुढे अग्निरोधक प्रकारच हवा. सुमारे १,१०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत ५ मिनिटे तग धरण्याची ती अट आहे, आणि पायलटला इंधन बंद करून खाली यायला तेवढाच वेळ मिळतो. होजवरच्या नारिंगी फायरस्लीव्हची टोके उसवलेली असतील तर तिचे धागे तेल आणि पेट्रोल शोषून धरतात, आणि जे आगीपासून वाचवण्यासाठी आहे तेच वात होते. टोके लेप देऊन स्टीलच्या पट्टीने बांधलेली असावीत. जोडणी करताना फिटिंग आत सरकवले की कधी कधी आतल्या रबराची एक जीभ कापली जाते. ती झडपेसारखी उघडझाप करते आणि इंजिन कारण न कळता दगा देते. म्हणून नव्या होजच्या एका टोकाने प्रकाश टाकून दुसऱ्या टोकाने गोल, स्वच्छ भोक दिसते का ते पाहावे आणि मगच दाबचाचणी करून बसवावा.

बसवताना होजवरची लांब रंगीत रेघ सरळ राहिली पाहिजे. ती पिळलेली दिसली तर होजही पिळला आहे आणि दाब येताच तो नट सैल करायला पाहील. दाबाखाली होजची लांबी बदलते, म्हणून ५ ते ८ टक्के ढील द्यावी, साधारण ६० सेंटिमीटरवर आधार द्यावा आणि एक्झॉस्टपासून अंतर राखावे. आधाराला रबराची गादी असलेला क्लॅम्प हवा. नायलॉनच्या पट्ट्या सोयीच्या वाटतात, पण त्या घाण धरतात आणि कंपनात इंजिन माउंटची नळीसुद्धा कापतात.

मायक्रोलाइटवाल्या वाचकांसाठी एवढेच: रोटॅक्स ९१२ या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मान्य आहे, तर आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. हे पेट्रोल रबराला फुगवते आणि हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे त्या इंजिनाच्या होजची ५ वर्षांची मुदत ताणण्याचा विचारही करू नये.

आपल्या मॉडेलमध्ये पंखाचा पोकळ भागच टाकी असेल आणि डाग रिव्हेटांच्या ओळीतून येत असेल, तर बाहेरून लावलेला लेप ही मलमपट्टी आहे. टाकी रिकामी करून, वाफ पूर्ण काढून, जुने सीलंट खरवडून आतून नवे पॉलिसल्फाइड सीलंट भरावे लागते. हे सीलंट उष्ण आणि दमट हवेत डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर घट्ट होते, म्हणून गोव्यात ते थोडे थोडेच मिसळावे.

या सर्वांत पाहणे, पुसणे, फोटो काढणे आणि नोंदी ठेवणे आपण करावे. फिटिंग उघडणे आणि होज बदलणे परवानाधारक अभियंत्याने करून लॉगबुकात नोंदवून विमान सेवेसाठी मुक्त करावे. आपल्या विमानासाठी मी क्रम असा लावीन: आधी केबिनमधल्या वासाचा उगम, म्हणजे सेंडर, पंखमुळातले होज, प्रायमर आणि सिलेक्टर, त्याच खोळंब्यात इंजिन विभागातले सर्व होज एकदम नवे, कारण एक संपला तर त्याच दिवशी बसवलेले बाकीचेही संपलेले असतात, मग स्ट्रेनर आणि झाकणांचे सील. काम झाल्यावर काउलिंग न लावता सिलेक्टर उघडून अर्धा तास प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून पाहावा, नंतर जमिनीवर इंजिन चालवावे, बंद करून वीस मिनिटे थांबावे आणि गरम असतानाच पुन्हा पाहावे, कारण काही जोड थंड असताना कोरडे राहतात आणि तापल्यावरच पाझरतात. पहिल्या उड्डाणानंतर आणि साधारण १० तासांनी काउलिंग काढून हीच पाहणी पुन्हा करावी. पुढच्या मे महिन्यात विमान झाकताना टाक्या प्रसरणापुरती जागा सोडून भरलेल्या ठेवाव्यात, सिलेक्टर एका बाजूला ठेवावा आणि पावसातही दर पंधरवड्याला सर्व ड्रेनमधून नमुना घेऊन तो तारखेसह लिहून ठेवावा.